लाकडाचे आयुष्य आणि माणसाचे आरोग्य

कोल्हापुरातील अंबाबाईच्या देवळाचा गरुड मंडप ज्याने पाहिला नाही असा करवीरकर विरळाच. एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या या मंडपाचे सागवानी खांब कुजून दुबळे झाल्याचे आढळले, आणि 2024 साली तो उतरवून त्याच्या नूतनीकरणास हात घालावा लागला. सागासारख्या चिवट लाकडाची जर ही गत, तर सामान्य गृहस्थाच्या दाराच्या चौकटीची काय कथा? लाकडास एखादे रसायन पाजून दीर्घायुषी करावे, असा विचार कोणाच्याही मनात सहज यावा. हा विचार कोठे हिताचा आणि कोठे घातक, याचा विवेक करणे हा या भाषणाचा हेतू आहे.

लाकूड म्हणजे बुरशीचे आणि वाळवीचे अन्न. परंतु बुरशीस नुसते अन्न पुरत नाही; तिला ओलही लागते. लाकडातील पाण्याचा अंश साधारणपणे शेकडा 20 हून कमी राहिला, तर बुरशी त्यात वाढू शकत नाही. वाळवीची गोष्ट निराळी. ती जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत वर चढते आणि लागणारी ओल आपल्यासवे आणते. सागाच्या गाभ्यात या शत्रूंना न मानवणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. सालीलगतच्या फिकट लाकडात ती जवळजवळ नसतात. म्हणून एकाच झाडाच्या दोन फळ्यांपैकी एक पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि दुसरी थोड्याच वर्षांत भुगा होते.

जुन्या वाड्यांच्या सुतारांना हे ज्ञान परंपरेने होते. खांब ते कधी मातीत रोवीत नसत. त्याखाली दगडी तळखडा बसवीत. छपराची वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे काढीत, म्हणजे पागोळ्यांचे पाणी दूर पडे. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडण्याची चाल होती. या उपायांचे सार एकच होते : लाकूड कोरडे ठेवा. पंचगंगेने 2005, 2019 आणि 2021 साली आपले पाणी घराघरांत नेले, तेव्हा हा धडा नदीकाठच्या वस्तीस पुन्हा एकदा मिळाला.

परंतु कोरडे ठेवणे जेथे अशक्यच, तेथे काय करावे? हा प्रश्न प्रथम निकराने पुढे आला तो आगगाडीमुळे. रुळांखालचे स्लीपर जन्मभर मातीत आणि पावसात पडून राहावयाचे. 1838 साली इंग्लंडात जॉन बेथेल याने बंद टाकीत लाकडातील हवा उपसून, मग दाबाखाली त्यात क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबराचे तेल भरण्याची रीत शोधून काढली. 1891 साली मिरजेहून कोल्हापुरास पहिली गाडी आली, तोवर ही विद्या जगभर रूढ झाली होती.

पुढचे पाऊल भारतीय शास्त्रज्ञाने टाकले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील सोंती कामेसम यांनी 1933 साली मोरचूद, क्रोमियमचा क्षार आणि आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशीस मारते, आर्सेनिक किड्यांस मारते, आणि क्रोमियम या दोघांस लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवते. तारांचे खांब, खाणींतील टेकू, धक्क्यांचे खुंट यांसाठी हे लाकूड जगभर वापरले गेले. हलक्या जातीच्या लाकडाचे आयुष्य त्यामुळे अनेक पटींनी वाढले आणि तितकी झाडे तोडावयाची वाचली. हा उपकार नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु आर्सेनिक म्हणजे ज्याच्या संयुगास आपल्याकडे सोमल म्हणतात तेच विष. क्रोमियमने घातलेली बेडी घट्ट असली तरी अभेद्य नसते. पावसाच्या पाण्याबरोबर थोडे थोडे विष सुटून खांबाभोवतीच्या मातीत उतरते. तांब्याचा अंश ओढ्यानाल्यांत गेला तर मासे व जलजीव यांस बाधतो. खेळण्याच्या घसरगुंडीवर हात फिरवून तोच हात तोंडात घालणारे मूल, आणि तोंडाला फडके न बांधता अशी फळी कापणारा सुतार, यांच्या पोटात व छातीत ते थेट जाते. दीर्घकाळ शरीरात जाणारे आर्सेनिक त्वचेच्या, फुप्फुसांच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगास कारण होते, हे आता निर्विवाद ठरले आहे. म्हणूनच अमेरिकेतील उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे मिश्रण वापरणे थांबविले, आणि 2004 पासून युरोपातही त्यावर कडक बंधने आली.

सर्वांत मोठा धोका मात्र लाकडाच्या शेवटी आहे. कोल्हापूरकडे लाकूड वाया घालविण्याची रीत नाही. मोडकी चौकट न्हाणीघराच्या बंबात जावयाची, राख भांडी घासावयास किंवा परसातल्या वेलाच्या बुडाशी पडावयाची. साध्या लाकडाच्या बाबतीत हा काटकसरीचा उत्तम नमुना होय. परंतु रसायन पाजलेले लाकूड जाळले, तर विष जळून जात नाही. त्याचा काही भाग धुरातून श्वासात येतो आणि उरलेला राखेत साचतो. लाकडात तंतूंशी बांधलेले विष राखेत मोकळे होते. क्रिओसोटाच्या जुन्या स्लीपरचा धूरही तितकाच वर्ज्य. असे लाकूड बंबात, चुलीत किंवा गुऱ्हाळाच्या चुलाणात कदापि घालू नये. नवे असताना त्यावर हिरवट झाक असते, पण उन्हापावसाने ती उडून ते साध्या लाकडासारखे दिसू लागते. म्हणून ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ते लाकूड जाळण्याचा मोह आवरावा.

घरासाठी सौम्य उपाय आहेत. छपराखालच्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडास टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण पुष्कळदा पुरेसे होते. ते आर्सेनिकाहून कितीतरी कमी विषारी असते, मात्र पाण्याने धुऊन जाते. उघड्यावरच्या कामासाठी आर्सेनिकविरहित ताम्रमिश्रणे निघाली आहेत. वखारीत लाकूड घेताना त्यास काय पाजले आहे, हे गृहस्थाने विचारून घ्यावे. जुन्या स्लीपरचे पलंग अगर बाके घरात आणू नयेत, आणि भाजीचा वाफा वा जनावरांची गव्हाण रसायन पाजलेल्या फळ्यांची करू नये.

लाकूड टिकविणारे विष लाकडाहून अधिक टिकते. खांब मोडतो, घर बदलते, तो कोणी व कशासाठी उभा केला हे माणसे विसरतात. माती मात्र विसरत नाही. म्हणून तळखड्याने, पुढे काढलेल्या वळचणीने आणि वेळच्या वेळी कौले शेकारल्याने जेथे काम भागते, तेथे विषाची मदत मागू नये. आणि जेथे ती मागावीच लागते, तेथे त्या लाकडाची अखेर कोठे होणार याचा विचार ते विकत घेण्यापूर्वीच करावा.