लेकुरवाळे घर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे वक्त्याने ज्ञातीची प्रगती, शिक्षणनिधी, वधूवरसूचक समिती अथवा तरुणांतील उद्योगशीलता यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. कार्यवाहांनी आम्हांस विषयाची मोकळीक दिली तेव्हा त्यांच्याही मनात असेच काही असावे. परंतु आम्ही आज बोलणार आहोत ते घरातील पाच वर्षांखालील मुलांविषयी. आणि तेही त्यांच्या शिक्षणाविषयी वा प्रकृतीविषयी नव्हे, तर त्यांच्या संगतीत जाणाऱ्या साध्या, नित्याच्या दिवसाविषयी आणि त्या दिवसातून आईबापांच्या वाट्याला येणाऱ्या, किंवा न येणाऱ्या, आनंदाविषयी. विषय ऐकताच पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्ही पाहिले. यात भाषण ते काय करावयाचे, असे त्या स्मिताचे म्हणणे दिसते. परंतु ज्या गोष्टीविषयी बोलण्याजोगे काही नाही असे सर्वांना वाटते, तीच हातची निसटून जाते आणि निसटली हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या ज्ञातीत मुलांचे कौतुक कमी होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. बारसे, उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस, संक्रांतीनंतरचे बोरन्हाण, यांत आपण कोठेही हात आखडता घेत नाही. पूर्वी माजघरात होणारे बारसे आता सभागृहात होते, छायाचित्रकार येतो, हलव्याचे दागिने महिनाभर आधी सांगून ठेवावे लागतात. त्याला आमची हरकत नाही; हौसेला मोल नसते. पण हे झाले वर्षाचे चारदोन दिवस. उरलेले दिवस आंघोळ, जेवण, कपडे, सांडलवंड, रडारड आणि झोप यांचे असतात, आणि मुलाचे बालपण वस्तुतः त्याच दिवसांत घडत असते. त्या दिवसांविषयी आपण कोणते शब्द वापरतो पाहा. आंघोळ ‘उरकली’, दूध ‘पाजून टाकले’, जेवण ‘आटोपले’, एकदाचे ‘झोपवून टाकले’. जणू मूल म्हणजे कचेरीतील साचलेली कागदपत्रे! दिवसाची सगळी कामे उरकून झाल्यावर जो निवांतपणा मिळेल त्यात मुलाशी आनंदाने खेळू, असा आपला बेत असतो. तो निवांतपणा येतो तेव्हा मूल झोपलेले असते.

आमचे सांगणे एवढेच आहे की, आनंदाची ती वेळ कामे संपल्यानंतर येत नसते. ती त्या कामांच्या आतच असते.

आंघोळीचेच घ्या. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर तान्हे मूल पालथे घालून आजीने न्हाऊ घालावे, हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तेल जिरवायचे, डाळीचे पीठ लावायचे, कोमट पाण्याची धार धरायची, आणि हे सारे चालू असता तोंडाने अखंड काहीतरी बोलत राहायचे. न्हाणे झाले की ओवा-वेखंडाची धुरी. आता डॉक्टर सांगतात की धूर तान्ह्या मुलाच्या छातीला बरा नव्हे, आणि ते ऐकलेच पाहिजे. त्या न्हाण्याचे सुख धुरीत नव्हतेच. ते त्या बोलण्यात होते. मूल हुंकार देई, आजी त्या हुंकाराला उत्तर देई, मूल पुन्हा हुंकारे. आज बालमानसाचे अभ्यासक सांगतात की, मुलाने हाक द्यावी आणि मोठ्याने प्रतिसाद द्यावा, या देवाणघेवाणीतूनच भाषेचा आणि बुद्धीचा पाया पडतो. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांना केवळ मौज वाटत होती, म्हणून त्या बोलत होत्या.

आणि बोलू लागलेल्या मुलाच्या भाषेइतकी करमणूक तर कोणत्याही नाट्यगृहात मिळणार नाही. अडीच-तीन वर्षांचे मूल ‘मी केलं’ असे न म्हणता ‘मी करलं’ म्हणते. आपण हसतो आणि चूक दुरुस्त करतो. पण क्षणभर थांबून पाहिले तर त्याने काय केले आहे? ‘धर’चे धरलं, ‘भर’चे भरलं, ‘मार’चे मारलं, तेव्हा ‘कर’चे करलं! कोणी न शिकवता त्याने मराठी व्याकरणाचा नियम शोधून काढला आहे. अपवाद भाषेने ठेवला, त्यात त्याचा दोष काय? तेच मूल उद्याच्या गोष्टीला ‘काल’ म्हणते आणि कालच्या गोष्टीला ‘उद्या’. सहा महिन्यांत हे सारे सुधारते आणि मग पुन्हा कधीही ऐकू येत नाही. ज्याने ते ऐकले त्याचे ते झाले.

जेवणाचा प्रसंग याहून अवघड. मऊ भात, वरण, तूप, थोडे मेतकूट, आणि मग एक घास चिऊचा, एक घास काऊचा करीत अर्धा तास खिडकीशी उभे राहावयाचे. आता बहुतेक घरांत चिऊकाऊंची जागा मोबाईलने घेतली आहे. समोर चित्रे हलत असतात, मूल आ वासते, घास आत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली त्यांत एक वर्षाखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, कमी तितके बरे, असे म्हटले आहे. आमची हरकत मात्र डोळ्यांपुरती वा झोपेपुरती नाही. त्या जेवणात मुलाचे पोट भरते, पण भरवणाऱ्याला काहीच मिळत नाही. कावळा खरोखरीच येऊन कठड्यावर बसला, तेव्हा मुलाने जे डोळे विस्फारले, ते पाहावयास कोणी नव्हते.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. ज्यांची नातवंडे अमेरिकेत वा आखातात आहेत, अशा कित्येक आज्या पहाटे किंवा रात्री उशिरा त्याच पडद्यासमोर बसून, हातावर बोट टेकवून मोराची गाणी म्हणतात आणि पलीकडे नातू आपल्या हातावर बोट टेकवतो. पडदा तोच, पण त्याच्यामागे माणूस आहे. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

परंतु मुलापुढे मोबाईल ठेवणाऱ्या आईलाही आम्ही नावे ठेवणार नाही, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा खरा रोख याच ठिकाणी आहे. सकाळी साडेसातची लोकल गाठावयाची, तत्पूर्वी दोन डबे भरावयाचे, संध्याकाळी परत आल्यावर कुकर लावावयाचा, आणि हे सारे एकटीने. अशा स्त्रीला ‘मुलांच्या सहवासातील आनंद अनुभवा’ असा उपदेश व्यासपीठावरून करणे यासारखी क्रूर थट्टा नाही. थकलेल्या जिवाला चिमणीही दिसत नाही आणि कावळाही दिसत नाही. मूल तीच गोष्ट विसाव्यांदा सांगावयास लावते, तापाने रात्रभर कण्हते, नवी कोरी भिंत खडूने रंगवते. या सर्वांत प्रतिक्षणी आनंदच असतो असे सांगणारा मनुष्य मुलांपासून फार दूर राहात असला पाहिजे. काम वाटले गेले तरच त्यातील आनंद उरतो. एकट्याच्या डोक्यावर पडले की त्याचे ओझेच होते.

मग ते वाटून घ्यावयाचे कोणी? आमच्या बरोबरीचे गृहस्थ म्हणतील, एकत्र कुटुंबे मोडली, तेथेच सारे बिनसले. यात तथ्य आहे, पण अर्धेच. त्या भरल्या घरांत मुलांना आज्या, आत्या, काकू मिळत, हे खरे. बाप मात्र मिळत नसे. वडीलमाणसांच्या देखत आपले मूल उचलून घेणे हा मोठा अविनय समजला जाई. पुतण्याला कडेवर घ्यावे, भाच्याला खाऊ द्यावा, पण स्वतःचा मुलगा रडत आला तरी वर्तमानपत्रातून मान वर करू नये, ही त्या काळची रीत. त्या रीतीमागे भयही असावे. पाळणा हलला तरी तो टिकेल याचा भरवसा नसे. आधीची मुले गेली म्हणजे पुढच्याचे नाव धोंडू किंवा दगडू ठेवावयाचे, म्हणजे काळाची नजर त्यावर पडू नये. अगदी 1971 सालीही आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी 129 वर्षाच्या आत दगावत होती. 2020 साली तो आकडा 28 वर आला. लसी, स्वच्छ पाणी, दवाखान्यातील बाळंतपण यांनी हे घडविले. आजचा बाप भीती न बाळगता मुलावर जीव लावू शकतो; त्याच्या आजोबाला ही चैन परवडत नव्हती. इतके मोठे वरदान हाती आले असता त्याने वर्तमानपत्राऐवजी मोबाईलमधून मान वर करू नये, हे आम्हांस सोसवत नाही.

केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला मुलाच्या जन्मानिमित्त 15 दिवसांची रजा मिळते, आणि 2017 च्या सुधारणेनंतर आस्थापनांतील नोकरदार मातेला 26 आठवड्यांची. या दोन आकड्यांतील अंतर कायद्याने ठेवले आहे. घरानेही तेच ठेवावे असा काही नियम नाही. आपले तरुण अभिमानाने सांगतात, ‘मी घरात मदत करतो.’ हा शब्द आम्हांस खटकतो. मदत शेजाऱ्याला करावयाची असते. आमच्या परिचयातील एका तरुणाने, कामाच्या पाळ्या बदलत्या असूनही, मुलीची आंघोळ संपूर्णपणे आपल्याकडे घेतली आहे. पाणी तापवणे, विसण घालणे, टॉवेल शोधणे, ओली जमीन पुसणे, सारे त्याचे. प्रारंभी त्याच्या मातोश्रींना ते रुचले नाही. ‘पुरुषमाणसाने का हे करायचे?’ असे त्या दारात उभ्या राहून म्हणत. आता त्या दारातच पाट मांडून बसतात, आणि आतून येणारे संवाद ऐकून आपल्याच मुलाच्या बालपणीच्या गोष्टी सुनेला सांगतात. सुनेला त्या वेळात गरम चहा मिळतो. ती म्हणाली, लेकीच्या जन्मानंतर प्रथमच आपण तिचे हसणे दुसऱ्या खोलीतून ऐकले. एका कामाने घरातील तिघांना इतके दिले. मुलीची गणना आम्ही केलेलीच नाही.

मूल जरा मोठे झाले की त्यालाच कामात ओढावे. 1907 साली रोम येथील गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा पाणी ओतणे, गुंडी लावणे, जागा झाडणे अशी घरचीच कामे त्यांनी मुलांपुढे ठेवली आणि मुले त्यांत रंगून गेली. तोच विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला रुजविला, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षण केंद्र काढून तो खेड्यातील मुलांपर्यंत नेला. बालमंदिरांना जे मुद्दाम मांडावे लागते ते आपल्या स्वयंपाकघरात रोजच मांडलेले असते. मटार सोलणे, मेथी निवडणे, कणकेचा लहानसा गोळा लाटणे. मेथीत काड्या राहतील, मटार निम्मे तोंडात जातील, पोळीचा नकाशा होईल आणि कामाला दुप्पट वेळ लागेल. पण तो वेळ मुलाबरोबर गेला, हे विसरू नये. तो नकाशा बापाने चवीने खाल्ला की त्या दिवशी घरात दुसरा कोणताही सण लागत नाही.

आता मंडळाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. पण गुणांची ही ओढ आता खाली उतरत उतरत पाळण्यापर्यंत आली आहे. तीन वर्षांच्या मुलाला शाळाप्रवेशाच्या मुलाखतीसाठी शिकवणीस घालणारे पालक आपल्यातही आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्प्याचे मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आपण मात्र त्या वयात पाढ्यांची घाई करतो. गेल्या दोन संमेलनांत लहान गटाची पाठांतरस्पर्धा झाली. तीत रडत व्यासपीठावर चढलेली आणि रडतच उतरलेली मुले आम्ही मोजली नाहीत, पण पाहिली. ती स्पर्धा बंद करावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.

त्याऐवजी एक सुचवितो. आपले हे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. दहा ते बारा ते लहान मुलांसाठी उघडावे. खेळणी विकत आणू नयेत. जुनी पातेली, डबे, चमचे, थोडी वाळू आणि एक सतरंजी पुरे. मुलांना घेऊन बापांनी यावे, आणि त्या दोन तासांत आयांना कोणी बोलावू नये. त्यांनी झोप काढावी वा वाटेल ते करावे. आपल्यातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या चारपाच भगिनींना जात्यावरच्या ओव्या, बडबडगीते, मोराची नि चांदोबाची गाणी मुखोद्गत आहेत. त्यांना घरून आणण्या-पोहोचवण्याची व्यवस्था युवकशाखेने पत्करावी. त्यांची मुले-नातवंडे दूर असल्याने ती गाणी आज ऐकावयास कोणी नाही, आणि येथील मुलांना ती म्हणून दाखवावयास कोणी नाही. खर्च फारसा नाही. पहिल्या सहा महिन्यांची वीज आणि चहा आम्ही आमच्याकडून देतो. ज्या गृहस्थांची यायची तयारी असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यवाहांकडे नावे द्यावीत. मुलाचे वयही लिहावे.

कार्यवाहांची चिठ्ठी येऊन पोहोचली आहे. पाने मांडली आहेत असे ते कळवितात. मागील रांगेत दोन मुले झोपी गेली आहेत आणि तिसरे त्या वाटेवर आहे. तेव्हा अध्यक्षांच्या अनुज्ञेने एवढीच सूचना करतो की, पहिली पंगत मुलांची बसवावी, आणि त्यांना भरवावयास आज वडिलांनी बसावे.