सागरतळाची सहल आणि प्रशिक्षण
(मुलुंड येथे उपनगरांतील शिक्षकांसमोर केलेल्या भाषणावरून)



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथून सुटीत मालवणला किती कुटुंबे आणि शालेय सहली जातात, हे आपण जाणताच. सिंधुदुर्ग किल्ला पाहावयाचा आणि जवळच्या खडकांपाशी स्कूबा करावयाचे, असा शिरस्ताच पडला आहे. या विषयावर माहिती खात्यातील एका कला शाखेच्या पदवीधराने काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण मीही तेथे उतरलो आहे.

बोटीवर दहा मिनिटे सूचना झाल्या, हातांच्या तीन खुणा सांगण्यात आल्या, पाठीवर सिलिंडर चढविला गेला आणि एका तरुणाने मला धरून खाली नेले. मासे पाहिले, प्रवाळ पाहिले, छायाचित्र निघाले. वर आल्यावर ध्यानी आले की, त्याचा हात सुटला असता तर काय करावयाचे, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

सिलिंडरात निव्वळ प्राणवायू असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात पर्यटकांच्या सिलिंडरात बहुधा आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. हा बदल पृष्ठभागाजवळच्या थोड्या मीटरांतच सर्वांत झपाट्याने होतो. म्हणून ‘पाणी उथळ आहे’ या आश्वासनावर विसंबू नये. आपल्या तलावांत पोहणारी मुले श्वास रोखून बुडी मारण्यात तरबेज असतात. स्कूबात नेमकी तीच सवय घातक ठरते.

हे शिक्षण कसे द्यावे, याविषयी जगात दोन विचार आहेत. १९५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबच्या परंपरेत अनुभवी सभासद नवोदितांना हौसेने, सवडीने शिकवितात. १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या ‘पाडी’ संस्थेने अभ्यासक्रमाचे लहान टप्पे पाडले व सुटीवर आलेल्या माणसालाही काही दिवसांत तो पुरा करता येईल असे केले. पहिले म्हणतात, दुसरे प्रमाणपत्रे विकतात. दुसरे म्हणतात, पहिल्यांनी सामान्यांना दाराबाहेर ठेवले. मला दिवसांची मोजणी फारशी महत्त्वाची वाटत नाही. ‘पाडी’च्या प्राथमिक अभ्यासक्रमातही दोनशे मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे, पाण्याखाली मास्क काढून पुन्हा चढविणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधून घेणे आणि खुल्या पाण्यात चार बुड्या आहेतच. विद्यार्थ्याला कौशल्य जमण्यापूर्वीच पुढे ढकलले जाते काय, एवढेच पाहावे.

उपनगरातील एका तलावावर मी तासभर बसून हे पाहिले. एका गृहस्थांना मास्कमधील पाणी काढणे जमेना. प्रशिक्षकाने त्यांच्याकडून ते सात वेळा करवून घेतले. बाकीची मंडळी कंटाळली. प्रशिक्षक मात्र घाईस आले नाहीत. मालवणच्या माझ्या वीस मिनिटांत यातले काहीच नव्हते. केवळ अनुभवासाठी बुडी मारणे गैर नाही. मात्र मार्गदर्शक हाताच्या अंतरावर असला पाहिजे, आणि तिला प्रशिक्षण म्हणू नये.

त्या तरुणांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि साहसी पर्यटनाच्या आयोजकांनी नोंदणी करावी, असे राज्याचे २०२१ चे धोरण सांगते. तेव्हा सहलीचे पैसे भरण्यापूर्वी शाळेने नोंदणीपत्र मागावे. एका मार्गदर्शकामागे किती मुले, बोटीवर प्राणवायूची सोय आहे काय, दम्याच्या मुलाला उतरविण्यापूर्वी डॉक्टरांचा दाखला पाहतात काय, हेही विचारावे. उत्तर देण्यास जो कंटाळतो, त्याच्या बोटीवर मी माझे मूल पाठविणार नाही.

पावसाळ्यात तेथील डायव्हिंग बंद असते. दिवाळीची सहल आखणाऱ्यांना या चौकशीस तेवढा अवधी मिळतो.