अंगण कामाचे, पाणी गावाचे

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



एके काळी गाव असलेली गुढियारी आज रायपूर शहराच्या पोटात सामावली आहे. तिच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे पसरली आहेत आणि त्यांच्याही पलीकडे भाताची शेते, तळी आणि खेडी आहेत. या शाळेतून शिकून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी उद्या तेथे भाताची गिरणी काढील, गोदाम बांधील किंवा एखाद्या कारखान्याचा व्यवस्थापक होईल. त्या वेळी इमारतीभोवतीच्या मोकळ्या जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहील. प्रश्न लहान दिसतो; परंतु त्याचे उत्तर शेजारच्या गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचते.

रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. जमीन घ्यावयाची, यंत्राने सपाट करावयाची, भिंत घालावयाची, इमारत उभी करावयाची. आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली की उरलेल्या पट्ट्यात हिरवळ अंथरून शोभेची झाडे लावावयाची. येथे अंगणाचा विचार सर्वांत शेवटी येतो. खरे पाहता तो सर्वांत आधी यावयास हवा. मराठी मुलखातील दोन उदाहरणे या दृष्टीने स्मरणीय आहेत.

पहिले उदाहरण किर्लोस्करवाडीचे. बेळगावची जागा सोडावी लागल्यानंतर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळ बत्तीस एकर जमीन दिली. १९१० साली तेथे वसाहतीचा प्रारंभ झाला, तेव्हा ती भूमी म्हणजे खडकाळ माळ होती आणि तीवर निवडुंग माजले होते. लोखंडी नांगर घडविण्यासाठी आलेल्या या मंडळींनी कारखान्याबरोबरच घरे, रस्ते, बागा आणि झाडी यांचीही काळजी वाहिली. रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे लक्ष्मणरावांना तरुणपणी मुंबईतील चित्रकलेचे शिक्षण सोडावे लागले होते. त्यांनीच पुढे या उजाड माळाला हिरवे केले. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे नाव दिले. निवडुंग आणि गुलाब या दोन शब्दांत त्या वाडीचा इतिहास सामावला आहे. कामगार जेथे काम करतो तेथेच त्याचे कुटुंबही सुखाने नांदावे, ही त्यामागील धारणा होती.

दुसरे उदाहरण जळगावजवळच्या जैन हिल्सचे. भवरलाल जैन यांनी उघड्याबोडक्या टेकड्यांवर आपल्या उद्योगाचे केंद्र वसविले. तेथे उताराला आडवे चर खणले गेले, बांध घातले गेले, तळी झाली आणि ठिबकच्या पाण्यावर झाडे वाढविली गेली. जळगाव भागात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळा रायपूरइतकाच तापतो. रायपूरला निसर्गाने सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस दिला आहे. तेव्हा पाणी अपुरे आहे, ही सबब येथे टिकणार नाही. ते अडविण्याची बुद्धी किती आहे, एवढाच प्रश्न उरतो.

याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हजार चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात बारा लाख लिटर पाणी पडते. एक पंचमांश वाया गेले असे धरले, तरी साडेनऊ लाख लिटर हाती उरते. उलट तेवढ्याच आकाराच्या हिरवळीला भर उन्हाळ्यात प्रत्येक चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी दिले, तर शंभर दिवसांत पाच लाख लिटर खर्ची पडते. छपराचे पाणी गटारात गेले असेल, तर हे पाच लाख लिटर कूपनलिकेतूनच उपसावे लागतात. आणि ते नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा शेजारच्या गावातील हातपंप कोरडा आवाज करू लागतो. भिंत जमिनीवरची हद्द ठरविते. भूगर्भातील पाण्याला ती हद्द ठाऊक नसते.

म्हणून आराखड्याची पहिली रेघ पाण्याची असावी. भर पावसात जमिनीवर उभे राहून पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे एकदा तरी पाहावे. सखल कोपरा भरून काढण्याऐवजी तेथे डबरी खणावी. छपराच्या पाण्याच्या पहिल्या दोन-तीन सरी वळवून द्याव्यात आणि नंतरचे पाणी गाळून जमिनीत मुरवावे. मात्र तेल, राख किंवा रसायन मिसळलेले आवारातील पाणी त्या खड्ड्यात कदापि जाऊ देऊ नये. तसे झाल्यास पुनर्भरणाच्या नावाखाली गावाच्या विहिरीत विष कालविल्याचे पातक लागेल.

दुसरी रेघ मातीची. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशा नावांनी ओळखतो. उंचवट्यावरची मुरमाड भाठा जमीन पाणी धरून ठेवीत नाही. सखल भागातील काळी कन्हार पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भाठ्यावर कडुनिंब, करंज आणि पळस तग धरतात. डबरीच्या काठी अर्जुन आणि जांभूळ शोभतात. या अर्जुनालाच येथे कौहा म्हणतात आणि पळसाला परसा. इमारतीच्या पश्चिमेस दाट सावलीचे झाड असले की दुपारचे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही. सायकली ठेवण्याची आणि कामगारांनी डबा उघडण्याची जागा झाडाखालीच असावी. साहेबांच्या खिडकीतून बाग कशी दिसते, याहून दुपारच्या सुटीत हमाल कोठे बसतो, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

तिसरी गोष्ट जोपासनेची. रोपे लावण्याचा समारंभ एका दिवसाचा. परीक्षा पुढील तीन उन्हाळ्यांची. खरिपात या प्रदेशात ‘रोका-छेका’ची चाल आहे; पिके उभी असेपर्यंत जनावरे आवरली जातात. कापणी झाली की ती मोकळी सुटतात आणि रोपांवर संकट येते. तेव्हा कुंपण हवेच. परंतु गुराख्याशी वैर नको. रोपाच्या मुळाशी मातीचे मडके पुरून त्यात पाणी भरावे, बुंध्याभोवती पाचोळा पसरावा. गळलेला पाला जाळणे म्हणजे खताला आग लावणे होय. ही कामे गावातील माणसांना नियमित मजुरीने मिळाली, तर ती झाडे त्यांचीही होतात.

छत्तीसगडच्या गावात तळ्याच्या पाळीवर वड, पिंपळ आणि आंबा उभा असतो. त्या तळ्यावर सारे गाव निस्तार करते. ते कोणी खणले, हे पुष्कळदा कोणास सांगता येत नाही. सावली आणि पाणी मात्र पिढ्यान् पिढ्या मिळत राहते. कामाच्या ठिकाणाचे अंगण त्याच तोलाचे असावे. साठ वर्षे पूर्ण केलेल्या शाळेला हे वेगळे सांगावे लागत नाही. आज हाती दिलेल्या अक्षराचे फळ कोणाच्या ओंजळीत पडेल, हे ठाऊक नसतानाही शिक्षक शिकवीत राहतो. या शाळेच्या विद्यार्थ्याने उद्या एखाद्या खेड्याच्या वेशीवर कारखाना उभारला, तर दहा वर्षांनी त्या गावच्या विहिरीचे पाणी किती खोल गेले, हे त्याने जाऊन पाहावे. त्याच्या कर्तृत्वाचे खरे प्रगतिपुस्तक तेथे वाचावयास मिळेल.