'मनसि करोति' : एका क्रियापदाचा अर्थ



वंदनेतील पाली शब्द आपल्या मुलांना मुखोद्गत झाले आहेत. आज पालीतीलच एका क्रियापदाचा अर्थ पाहू. 'मनसि करोति' म्हणजे शब्दशः 'मनात करतो', मन एखाद्या विषयावर लावतो. चिंता हीही मनातच होते; परंतु चिंतेत मन एका जागी घिरट्या घालते, पुढे सरकत नाही. या क्रियापदामागे 'योनिसो' हा शब्द लागला म्हणजे त्यास खरी धार येते. योनि म्हणजे उगमस्थान. उगमापर्यंत जाऊन विचार करणे, असा त्याचा अर्थ. संयुत्तनिकायात बोधिसत्त्व याच रीतीने विचारतात की, जरामरण कशामुळे? जन्मामुळे. मग जन्म कशामुळे? असे मागे मागे जात ते अविद्येपाशी पोहोचतात.

वकिलीत मला या क्रियापदाची वारंवार आठवण होते. मध्यंतरी एक उपासक बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्यावयास आले. का, असे मी विचारले. "रीत आहे." ही रीत आली कोठून? ते गप्प राहिले. (बावीस प्रतिज्ञा त्यांच्या घरात चौकटीत लावलेल्या आहेत!) 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा बौद्धांसही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी ठरली आहे, हे मी त्यांस सांगितले. बहीण दाराशी उभी होती. तिने प्रथमच तोंड उघडले, "वकीलसाहेब, मी सही केली नाही तर?"

मी कागद बाजूस ठेवला व तिला खुर्ची दिली.