रडून झाल्यावरचे प्रश्न



प्रमुख पाहुण्यांचं भाषण हा स्नेहसंमेलनातला सगळ्यांत नावडता कार्यक्रम. तोंडाला रंग लावून मुलं विंगेत ताटकळलेली असतात आणि पाहुणे यशाची गुरुकिल्ली शोधत असतात. आज गुरुकिल्ली नाही. आज एक पुस्तक आहे आणि त्या पुस्तकाशी थोडं भांडण आहे.

जॉन बॉइन या आयरिश लेखकाची 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही कादंबरी २००६ साली आली आणि दोन वर्षांत तिच्यावर सिनेमाही निघाला. ब्रूनो हा नऊ वर्षांचा जर्मन मुलगा. वडील नाझी छळछावणीचे प्रमुख. तारेच्या कुंपणापलीकडे त्याला श्मुएल भेटतो. तो ज्यू आहे, कैदी आहे आणि त्याची जन्मतारीख ब्रूनोचीच आहे. ब्रूनो घरातून पाव आणि चीज आणतो, कुंपणाखालून पलीकडे सरकवतो. शेवट इथे फोडायचा नाही. एवढंच सांगता येईल, की पुस्तक मिटताना भल्याभल्यांच्या घशात आवंढा येतो.

पण जानेवारी २०२० मध्ये खुद्द ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारक-संग्रहालयानेच म्हटलं, की ज्यूंच्या हत्याकांडाचा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ही कादंबरी टाळावी. का? त्या कुंपणापाशीच थांबून बघू. खऱ्या ऑशविट्झचं कुंपण सिमेंटच्या खांबांचं होतं, तारांतून वीज खेळत होती, वर पहाऱ्याचे मनोरे होते. त्याखालून पाव सरकवत रोज गप्पा मारणं अशक्य. आणि श्मुएलच्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना तिथे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे मिळालेच नाहीत. कामाला निरुपयोगी ठरवून त्यांना आल्या दिवशीच विषारी वायूच्या कोठड्यांत पाठवलं जाई. ऑशविट्झला सुमारे २ लाख ३२ हजार मुलं नेली गेली. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य आत शिरलं तेव्हा जिवंत सापडलेली जेमतेम सातशे होती.

म्हणून पुस्तक कपाटात बंद करायचं? संग्रहालयाचं म्हणणं रास्त आहे, पण शाळेपुरतं बोलायचं तर ते जरा कडकच. वाचावं, रडावं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाकं गोल लावून बसावं. छावणीप्रमुखाच्या मुलाला ज्यू कोण हे ठाऊकच नव्हतं, हे पटतं का? आपल्या डोळ्यांतलं पाणी नक्की कुणासाठी आलं, ब्रूनोसाठी की श्मुएलसाठी? या दुसऱ्या प्रश्नावर आठवीचा वर्ग चांगला अर्धा तास भांडू शकतो.

शेजारी एक खरी गोष्टही ठेवावी. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवत. १८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या मुलांनी एक नाटक केलं. कुठलं, तर आपल्या रवींद्रनाथांचं 'डाकघर'! आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, ते. उपासमारीनं खंगलेल्या मुलांनी पोलिश भाषेत अमल, दहीवाला, पहारेकरी उभे केले. तीनच आठवड्यांत सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवण्यात आलं. कोर्चाकना निसटण्याची संधी देऊ केली होती. ते मुलांबरोबर गेले. यात कुंपणाखालून पाव सरकवणारा कुणी नाही, आणि कादंबरीकाराची गरजही नाही.

हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध, असं लोअर परळात कुणी म्हणू नये. लालबागची इंडिया युनायटेड मिल नंबर १ ही मूळची जेकब ससून मिल, बगदादहून आलेल्या ज्यू घराण्याची. रायगडातले बेने इस्रायली तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. पेणकर, किहीमकर, रोहेकर ही त्यांची आडनावं. आणि आजी-आजोबांना विचारा, चाळीत पहाटे रेडिओ लावला की आधी काय वाजायचं? आकाशवाणीची ती धून वॉल्टर कॉफमान यांनी बांधली असं मानलं जातं. हे ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आले, बारा वर्षं राहिले. त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हत्याकांडात गेल्या. त्यांतली थोरली, एली, ही गेर्टीची आई.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचंही नाव अशा वेळी निघतं, पण तिथे गल्लत करू नये. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बाया आणि मुलं. त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे धाडलं ते स्टालिनने, आणि त्यांतले बरेचसे कॅथलिक होते. दुःख तेवढंच खरं, गुन्हेगार मात्र वेगळा. चर्चा करायची ती असे फरक कळावेत म्हणूनच. नाहीतर सगळी युद्धं आणि सगळे निर्वासित यांची एकच खिचडी होते.

आणखी एक, थोडं टोचणारं. फोर्टातल्या फुटपाथवर अॅन फ्रँकची डायरी आणि हिटलरचं 'माइन काम्फ' एकाच प्लास्टिकवर शेजारी-शेजारी विकायला असतात, आणि 'माइन काम्फ' व्यवस्थापनाचं पुस्तक असल्यासारखं उचलणारी तरुण मुलं भेटतात. २००६ सालीच, म्हणजे ब्रूनो छापून आला त्याच वर्षी, खारघरला हिटलरच्या नावाचं उपाहारगृह उघडलं होतं. ज्यू समाजाने आक्षेप घेतला तेव्हा नाव बदललं. कडक सरांना मागून 'हिटलर' म्हणण्याची रीत तर बहुतेक शाळांत आहे. मागच्या रांगेतलं हसू ऐकू आलं, म्हणजे याही शाळेत असावी!

एक विनंती सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांना. पुढच्या वर्षी एकांकिका निवडताना 'डाकघर'चा विचार व्हावा. नेपथ्याला एक खिडकी पुरते, पात्रं मोजकी आहेत, फुलं वेचणाऱ्या सुधाचं काम पाचवीतली मुलगीही करेल. नाटकाआधी वॉर्साच्या त्या प्रयोगाबद्दल चार वाक्यं कुणी विद्यार्थ्यानेच सांगावीत. आता विंगेतून बाईंनी दोनदा घड्याळ दाखवलंय आणि बक्षिसांचं टेबल केव्हाचं मांडून तयार आहे, तेव्हा आधी ती वाटून घेऊ.