क्षयरोगाचे निदान : विलंबाची किंमत



रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू जगापुढे आणला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ तो ओळखण्याचे मार्ग प्रामुख्याने दोनच होते : थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे किंवा जंतू प्रयोगशाळेत वाढविणे. पहिला मार्ग स्वस्त. परंतु एका मिलिलिटर थुंकीत सुमारे ५ ते १० हजार जंतू असल्याखेरीज ते सहसा दिसत नाहीत. दुसरा अधिक अचूक. परंतु हा जंतू अतिशय संथपणे वाढत असल्याने घन माध्यमावर त्याची वाढ दिसण्यास २ ते ८ आठवडे लागतात.

हा काळ फुकटचा नसतो. निदान लांबले की रोजंदारीवरील मजुराची मजुरी बुडते, निरुपयोगी औषधांवर पैसा खर्च होतो आणि घरातील व शेजारच्या माणसांना संसर्ग होत राहतो. संसर्गाची ही किंमत इतरांना मोजावी लागते; म्हणूनच निदान ही सार्वजनिक जबाबदारी ठरते.

डीएनए चाचणीत जंतू वाढविण्याऐवजी त्याच्या डीएनएच्या ठराविक भागाच्या असंख्य प्रती यंत्रात तयार केल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये शिफारस केलेली कार्ट्रिज चाचणी सुमारे २ तासांत रोगाचे निदान करते आणि जंतू रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देतो की नाही, हेही सांगते. विकसनशील देशांसाठी तिच्या कार्ट्रिजची किंमत २०१२ मध्ये देणगीदार संस्थांशी झालेल्या करारामुळे १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आली. खरेदीदार एकत्र आल्यास मक्तेदारीची किंमतही खाली येते, हा यातील धडा. गोव्यातील कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला २०२० मध्ये या संघटनेची मान्यता मिळाली आणि ही सोय प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणे शक्य झाले.

तथापि, ही चाचणी मृत जंतूंचा डीएनएही टिपते. त्यामुळे उपचारांचा गुण येतो की नाही, हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक व जंतुसंवर्धन यांचाच आधार घ्यावा लागतो. अनेक औषधांबाबतचा निर्णयही संवर्धनावरच होतो. नव्या यंत्रांसाठी जुन्या प्रयोगशाळांचा निधी कमी करणे हा खोटा काटकसरीपणा ठरेल.

२०२३ मध्ये जगातील सुमारे एक चतुर्थांश नवे क्षयरुग्ण भारतातील होते. अशा देशात यशाचे माप यंत्रांच्या संख्येत नसून, रुग्ण प्रथम दवाखान्यात आल्यापासून त्याला योग्य औषधाची पहिली मात्रा मिळेपर्यंत किती दिवस गेले, यात आहे.