पाळणा लांबला तर

मुळशीकर श्रोतेहो, लग्नाला वर्ष झालं की ‘काही विशेष?’ सुरू होतं, आणि बोट सुनेकडेच वळतं. पण मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडूनही कारण असतं. वीर्यतपासणी सोपी नि स्वस्त. ती आधी उरका, भाऊराव! वर्षभर, किंवा बायकोची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने, प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा. गावच्या आशाताईंशी बोला. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायची असते, तेही त्या सांगतील. पुढे पौडचं ग्रामीण रुग्णालय, गरज पडली तर पुण्याचं ससून. खासगी टेस्ट ट्यूब बेबी केंद्र गाठलंच, तर अशा केंद्रांसाठीच्या २०२१च्या कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, बेधडक विचारा. ‘हमखास मूल’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.